जुनी हार्ड डिस्क, नवा पीसी : तुमच्याकडे काय काय झालं?

माटोळी, म्हापसा

मुलीला फर्मागुडीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात नवा पीसी आला. जुना २०१३ सालचा. त्याचं बटण दाबून मी तांदूळ धुवून कुकर लावून येत असे, तोवर त्याचं सुरू होणंच चाललेलं असे. तो आता माळ्यावर जाईल. पण त्याच्या पोटात १ टीबीची हार्ड डिस्क आहे आणि तिच्यात आमचा बारा वर्षांचा संसार: चवथीचे फोटो, घराचे स्कॅन केलेले कागद, मुलीचं बालवाडीतलं गॅदरिंग. शिवाय माझे सासरे. म्हणजे त्यांचा आवाज. गावच्या जत्रेतल्या नाटकांत ते पस्तीसेक वर्षं उभे राहिले. त्यातल्या काही कॅसेटी नवऱ्यानं कधीतरी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटींना पुढे बुरशी लागली. (पावसात आमच्याकडे चपलांना लागते, तिथं कॅसेटींचं काय!)

दुकानदार म्हणाला, "मॅडम, जुनं काढून टाका, सगळं क्लाउडवर ठेवा." अहो, क्लाउडवर चढवायला आधी ते कुठेतरी उघडायला नको? नव्या पीसीत ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क आहे, च्युइंगमच्या पट्टीएवढी. तिच्या शेजारी ही जुनी डिस्क वरवंट्यासारखी दिसते.

तर ज्यांनी ज्यांनी जुनी डिस्क नव्या संगणकात लावलीय त्यांनी लिहा. कशी लावली, काय दिसलं, काय दिसलं नाही, काय जळलं. फजिती झाली असेल तर आधी ती लिहा. आणि "बॅकअप घेत जा" एवढंच सांगायला येणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

फेरीबोट, चोडण

ताई, २०१३ ची म्हणजे साटाच (डिस्क मदरबोर्डाला जोडायची पद्धत) असणार, त्यामुळे जोडणीची काळजी नको. साटाची टोकं २००३ पासून तीच आहेत. वेग दीडवरून तीन, तीनवरून सहा गिगाबिटवर गेला, पण जुनी डिस्क नव्या बोर्डावर चालते. अरुंद केबल डेटाची, ती मदरबोर्डाला. रुंद केबल करंटची, ती एसएमपीएसकडून, म्हणजे वीज देणाऱ्या डब्याकडून, येते. दोन्हीची टोकं इंग्रजी एलच्या आकाराची, उलटी बसत नाहीत. जोर लावून बसवणारे महाभाग पाहिलेत मी, त्यांच्या हातात डिस्कवरच्या प्लास्टिकचा तुकडा येतो.

आधी कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कला जागा आहे का ते बघा. हल्ली काच आणि लाईटी भरपूर, डिस्कची जागा मात्र एसएमपीएसच्या बाजूला कुठेतरी लपवलेली. आणि काही मदरबोर्डांवर एनव्हीएमईची एखादी जागा भरली की साटाचं एखादं पोर्ट आपोआप बंद पडतं. डिस्क दिसली नाही तर ती मेली असं ठरवण्याआधी केबल शेजारच्या पोर्टात घालून बघा. मी हे कळेपर्यंत दोन नव्या केबली आणून झाल्या होत्या.

पण माझी खरी फजिती वेगळी. लॉकडाऊनमध्ये नवा पीसी स्वतःच जोडला, जुनी डिस्क आत लावली आणि मग विंडोज टाकलं. सगळं झकास. आठ महिन्यांनी जुनी डिस्क खरखरायला लागली म्हणून काढली, तर पीसी सुरूच होईना. विंडोज नव्या एसएसडीवर, पण ते सुरू करून देणाऱ्या फाईली जुन्या डिस्कवर! तिच्यावर अशा फाईलींचा, ईएफआय नावाचा कप्पा आधीपासून होता, इन्स्टॉलरनं तोच वापरला. बिऱ्हाड नव्या घरात आणि किल्ली जुन्या घराच्या खुंटीला. शेवटी सी ड्राइव्ह थोडी आखडून शंभर एमबीची जागा काढली, तिथं नवा ईएफआय कप्पा केला, पेनड्राइव्हवरून त्या फाईली पुन्हा लिहिणारं बीसीडीबूट चालवलं. रात्रीचा एक वाजला, पहिली फेरी चुकली तरी चालेल म्हणून झोपलो.

तेव्हा विंडोज टाकताना जुनीची केबल काढलेलीच बरी. तुमचं विंडोज आधीच टाकून झालंय, त्यामुळे डिस्क लावल्यावर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सुरू होण्यात पहिला नंबर एनव्हीएमईचाच आहे ना एवढंच बघा, नाहीतर सकाळी २०१३ चंच विंडोज तुम्हाला सुप्रभात म्हणेल.

कुळागर, फोंडा

मी ६७ वर्षांचा. आमच्याकडच्या एका देवस्थानच्या स्मरणिका २००१ पासून दहा वर्षं मी घरी बसून जुळवल्या. त्या सगळ्या एका ४० जीबीच्या आयडीई डिस्कवर. आयडीई म्हणजे ती चाळीस पिनांची, करड्या पट्टीच्या केबलची. इंटेलनं २००६ मध्ये आपल्या चिपसेटमधून आयडीई काढून टाकली, त्यामुळे आजच्या मदरबोर्डावर तिला लावायला भोकच नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं म्हणतात, हे तिथं मिळालं नाही. ऑनलाइन मागवलं. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला तीन तोंडं: मोठी आयडीई, लॅपटॉपची छोटी आयडीई आणि साटा. सोबत करंटचा वेगळा विटेसारखा अडॅप्टर येतो, तो लागतोच. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट हवेत आणि यूएसबीतून ५ च मिळतात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ते ५ पुरतात.

लावली, फिरल्याचा आवाज आला, पण संगणकावर काही नाही. दोन दिवस असेच गेले. मग भाच्यानं डिस्कच्या मागच्या बाजूला बघून विचारलं, "मामा, हा जम्पर स्लेव्हवर का?" जुन्या पीसीत एका केबलवर दोन डिस्का होत्या, ही धाकटी. मास्टर, स्लेव्ह कुठे ते डिस्कच्या लेबलावरच चित्रात छापलेलं असतं, माझा चष्मा तिथवर पोचला नव्हता. तो तांदळाएवढा काळा जम्पर त्यानं सुनेच्या भुवया काढायच्या चिमट्यानं ओढला आणि शेजारच्या पिनांवर बसवला. लगेच ड्राइव्ह दिसली.

एक्सपीत, म्हणजे तेव्हाच्या विंडोजमध्ये, आपल्या फाईली "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" नावाच्या फोल्डरात असायच्या. तो उघडायला गेलं की नवं विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. माझ्याच घरात मला! घाबरू नका. खाली कंटिन्यू असतं, ते दाबायचं आणि हिरवी पट्टी सरकेपर्यंत थांबायचं. जुन्या विंडोजनं त्या फोल्डरावर जुन्या वापरणाऱ्याचं नाव घातलेलं असतं, नवं विंडोज त्याला ओळखत नाही, एवढंच कारण.

पुढचं मात्र मराठीवाल्यांनी वाचावंच. फाईल उघडली तर पानभर उलटी प्रश्नचिन्हं, टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मध्येच एखादा डॉलर. मला वाटलं, डिस्क सडली. भाचा म्हणाला, फॉरमॅट करून टाकूया. मी त्याचा हात धरला. फाईल धडधाकट होती. युनिकोडच्या आधीचे आपले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवायचे: अर्धा श इथं, काना तिथं. तो फॉन्ट नसेल तर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. आणि फॉन्ट कुठे मिळाला? त्याच डिस्कवर. जुन्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात तो २००१ पासून बसून होता. कॉपी केला, नव्या संगणकावर इन्स्टॉल केला, फाईल परत उघडली. पहिली ओळ आली: "श्री प्रसन्न".

पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाईलींचं दुखणं वेगळं. इनडिझाईन या त्यानंतरच्या प्रोग्रामच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडतात, नंतरच्या नाही. मी एक्सपी अजून एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या संगणकात) जिवंत ठेवलंय. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या भरवशावर छापायला देऊ नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असायची, कन्व्हर्टर चुकला की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तेच. देणगीदारांच्या यादीतली नावं मी अजून तपासतोय. २००६ पर्यंत आलोय.

पोदेर, कुंकळ्ळी

काका, हे वाचूनच धागा वसूल. माझा एक भाबडा प्रश्न: १ टीबीची डिस्क लावली, ९३१ जीबीच दिसते. दुकानदारानं फसवलं?

फेरीबोट, चोडण

नाही हो. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. डिस्क तेवढीच आहे.

आमोणेकार, केपे

मी जळालेल्यांतला. मे २०२१, तौक्ते वादळ. १६ तारखेला सकाळपासून झाडं पडत होती, आमच्याकडे चार दिवस लायट नव्हती. आली ती उसळूनच आली. फ्रिज वाचला, पीसीचा एसएमपीएस गेला. डिस्क तेव्हा ठणठणीत होती, तिला मारलं मी.

जुना एसएमपीएस मॉड्युलर होता, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा. नवाही मॉड्युलर, पण दुसऱ्या कंपनीचा. जुन्या केबली कॅबिनेटमध्ये छान ओढून, टाय मारून ठेवलेल्या. म्हटलं, त्या कशाला काढा? दोन्हीकडे भोकं सारखी, बसल्याही. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे एकसारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनेत काय द्यायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. माझ्या डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ गेले असणार. टप् असा आवाज आणि वास. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही.

मडगावच्या एका रिपेरीवाल्यानं डिस्कची हिरवी पाटी (सर्किट बोर्ड) उलटी केली आणि तुरीच्या डाळीएवढा एक काळा तुकडा दाखवला. टीव्हीएस डायोड. जादा व्होल्टेज आलं की हा आपण मरतो आणि मागच्यांना वाचवतो. मरताना शॉर्ट होतो, म्हणून डिस्क फिरत नाही. त्यानं तो उपटला आणि डिस्क फिरली. "आता हिला कोणी राखणदार नाही, आजच सगळं काढून घ्या," म्हणाला. काढून घेतलं. सगळ्यांचाच एवढ्यावर निभावत नाही, काहींची पाटीच जळते. आणि तसलीच पाटी दुसऱ्या डिस्कवरून आणून लावली तरी काम होतंच असं नाही, त्या त्या डिस्कची मोजमापं पाटीवरच्या एका चिपमध्ये असतात, तीही हलवावी लागते.

म्हादईकाठ, सत्तरी

जुलै २०२१ च्या पुरात पाणी आमच्या घरात कमरेइतकं आलं. पीसी जमिनीवरच होता. आधी म्हातारी आई, मग गुरं, मग आम्ही. पीसी कोणाच्या ध्यानातच नव्हता.

माझे तीन ट्रक होते खाणीवर. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा दोन जणांकडून भाड्याचं येणं राहिलं होतं, त्याचा सगळा हिशेब टॅलीत, त्या डिस्कवर. पाणी ओसरल्यावर डिस्क काढली. मेव्हणा म्हणाला, तांदळाच्या डब्यात ठेव. बायको म्हणाली, आहे तो तांदूळ भिजलाय. मग तुळशीजवळ जरा ऊन पडायचं तिथं दोन दिवस ठेवली. वरून कोरडी खडखडीत. मित्राच्या संगणकाला लावली. टक, टक, टक, आणि बंद.

डिस्क हवाबंद असते असं मला वाटायचं. तिच्यावर बारीक भोक असतं, शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका. आतली आणि बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून ते असतं, आत गाळणी असते, पण पुराच्या पाण्याला गाळणी काय करणार? (हेलियम भरलेल्या नव्या मोठ्या डिस्का सीलबंद असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) मुंबईच्या एका लॅबवाल्यानं फोनवर जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर! म्हणाला, भिजलेली डिस्क वाळवायची नाही, चालू तर अजिबात करायची नाही, ओली असतानाच पिशवीत बंद करून पाठवायची. वाळली की गाळ तबकडीवर चिकटून बसतो, आणि त्यावरून वाचणारा हेड फिरला की सगळं खरवडून निघतं. त्यानं जो आकडा सांगितला त्यात ट्रकचे दोन टायर आले असते.

हिशेब शेवटी मिळाला, पण डिस्कवरून नाही. आमच्या सीएच्या हाताखालच्या मुलीनं २०१४ मध्ये रिटर्न भरताना माझं टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. टॅलीच्या कंपनीचा डेटा एका पाच आकडी नावाच्या फोल्डरात असतो, तेवढं फोल्डर उचललं की झालं. तिनं ते तिच्याकडे ठेवून दिलं होतं, का ते तिलाही सांगता येईना. येणं अर्धं वसूल झालं. चवथीला तिच्या घरी नेवऱ्या जातात.

खरं सांगू, मडगाव

एवढा खटाटोप! नवी डिस्क घ्या आणि मोकळे व्हा. जुन्या डिस्कवर कोण विश्वास ठेवतं?

तिसरी घंटा, पेडणे

नवी घेतली तरी जुनीवरचं नवीवर कसं जाणार, चालत? २०११ च्या शेवटी थायलंडला पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने बुडाले आणि भाव कुठच्या कुठे गेले. त्या भावात घेतलेली माझी एक डिस्क अजून चालतेय, तिला मी भंगारात का घालू?

मी शूटिंग करतो. मे महिन्यात लग्नं, कार्तिकानंतर दशावतार. घरात नऊ डिस्का. कुठलीही जुनी डिस्क लावली की पहिलं काम म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो. डिस्कची तब्येत दाखवणारा, जपानी माणसानं केलेला फुकट प्रोग्राम आहे. त्यात ०५ म्हणजे डिस्कनं खराब म्हणून बदललेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून लटकलेल्या जागा, हा आकडा वाढत असेल तर बाकी सगळं सोडून आधी कॉपी. सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क बरी आणि केबल खराब. एक गंमत: हे आकडे तो सोळाच्या पाढ्यात दाखवतो. १० दिसलं तर ते १६ असतात. सेटिंगमध्ये बदलता येतं. माझी सगळ्यात म्हातारी डिस्क ४१,००० तास चाललीय, म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त अखंड. तिच्यावर फक्त दुसरी प्रत असते.

आता फजिती. एका एक्स्टर्नल डिस्कचं यूएसबीचं तोंड सैल झालं. डबा फोडला, म्हटलं आतली साटा डिस्क थेट लावू. आत साटाच नाही! यूएसबीचं तोंड डिस्कच्याच पाटीवर झाळलेलं. ते पुन्हा झाळून घेतलं. दुसऱ्या खेपेला मोठी टेबलावरची डिस्क, तिच्यात साटा होती. पीसीत लावली तर विंडोज म्हणतं डिस्क कोरी आहे, इनिशियलाइज करू का? सहा लग्नं होती तिच्यावर. दोन तास मला घाम. मग समजलं की डब्यातली छोटी चिप सगळा डेटा स्वतःच कुलूपबंद करून लिहीत होती, मी कधी पासवर्ड घातला नव्हता तरीही. परत त्याच डब्यात बसवली, लगेच उघडली. नशीब, डबा कचऱ्यात गेला नव्हता. पंचायतीची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती.

दर्याची गाज, वास्को

कुलपाचा विषय निघालाच आहे. आमचं घर समुद्राला लागून, लोखंडाच्या कड्या दोन वर्षांत जातात. लॅपटॉप तिसऱ्या पावसाळ्यात गेला, बोर्ड गंजला. त्यातली एनव्हीएमई काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि नव्या लॅपटॉपला लावली. बिटलॉकरनं, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपानं, ४८ आकडी किल्ली मागितली. मी कुठलं कुलूपच लावलं नव्हतं!

विंडोज ११ ते आपणहून लावतं. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं पहिल्यांदा आत गेलं की बऱ्याच लॅपटॉपांत ते सुरू होतं आणि किल्ली त्याच अकाउंटात जमा होते. लॅपटॉप जिवंत असेपर्यंत त्याच्यातलीच एक चिप कुलूप उघडत असते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. आता अकाउंट कुठलं? माझ्या ईमेलवर काही नाही. नवऱ्याच्याही नाही. मग आठवलं, लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं "थांबा, मी करून देतो" म्हणत एक नवाच ईमेल काढला होता. वॉरंटी कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला पत्ता आणि पासवर्ड, फक्त शेवटचं अक्षर पुसट. शून्य की ओ? ओ होता. ४८ आकडे नवऱ्यानं वाचले, मी दाबले, मधेच पाव घ्यायला उठले म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉप धडधाकट आहे तोवर ती किल्ली शोधून कागदावर उतरवा. आज रात्रीच.

दोन टेबलं एक फॅन, कळंगुट

आमचं छोटं रेस्टॉरंट. जुन्या पीसीची ५०० जीबीची डिस्क होती, मेनूची डिझाइनं, जेवणाचे फोटो. "चालते का नुसती बघूया" म्हणून मी ती सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरला लावली. डीव्हीआर टीं टीं करायला लागला, स्क्रीनवर काहीतरी विचारलं, वेटरनं ओके दाबलं. डीव्हीआरला फाईली समजत नाहीत, त्याला आपल्या पद्धतीची कोरी डिस्क लागते. फॉरमॅट केली आणि रेकॉर्डिंगही सुरू केलं.

वीस मिनिटांनी कळलं, वायर ओढली. फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर फोटो काढून दिले. पण नावं गेली. एफ आणि पुढे आकडे, अशा हजारो फाईली, त्यात कधी काळी बघितलेल्या वेबसाइटींची बटणंसुद्धा. जिथं डीव्हीआरनं लिहिलं तिथलं गेलं ते गेलंच. रिकाम्या स्वयंपाकघराच्या वीस मिनिटांखाली आमच्या तिसऱ्यांच्या एक्कुटीचा (शिंपल्यांच्या कालवणाचा) फोटो गाडला गेला.

घुमट, डिचोली

एका ऑफिसात आयटी बघतो, म्हणून रोज हेच. माटोळीताई, डिस्क लावल्यावर विंडोज दोन पाट्या दाखवू शकतं. "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" आणि "इनिशियलाइज करा". दोन्हीला कॅन्सल. आत डेटा आहे हे तुम्हाला माहीत आहे, विंडोजला नाही. डिस्क दिसते पण ड्राइव्हला अक्षर नाही, असं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर द्यायचं, त्यानं डेटाला काही होत नाही.

डिस्क अडखळत असेल तर चेकडिस्क चालवू नका. तो फाईलींची यादी दुरुस्त करायला निघतो आणि आजारी डिस्कला आणखी पळवतो. कोणीतरी फ्रीझरमध्ये ठेवा म्हणून सांगेलच, दरवर्षी एक तरी भेटतो. आपल्या हवेत फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीला काय होतं ते बघा. तेच पाणी तबकडीवर.

अशा वेळी मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू वापरतो. तो आधी सहज वाचता येणारं सगळं काढून घेतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि मग परत येऊन त्या कुरतडतो. कुठवर आलो याची नोंद ठेवतो, त्यामुळे लायट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको. त्यात कुठली डिस्क वाचायची आणि कुठल्या डिस्कवर लिहायचं हे दोनदा तपासा. उलटं लिहिणारा मी एक पाहिलाय. तो मीच होतो.

माटोळी, म्हापसा

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, घरात पाहुणे होते.

रविवारी डिस्क लावली. जागा एसएमपीएसच्या शेजारीच निघाली, फेरीबोट यांनी म्हटल्यासारखी. बायॉस बघितलं. विंडोज नवंच सुरू झालं. ड्राइव्ह लगेच दिसली आणि मी उगाचच नाचले. मग क्रिस्टलडिस्कइन्फो: पिवळा रंग, सी५ पुढे १०. तिसरी घंटा यांचं वाचलं नसतं तर दहाच समजले असते. म्हणून फोटो बघत बसायचं टाळलं आणि आधी नव्या २ टीबीच्या एक्स्टर्नलवर कॉपी लावली. ३८० जीबी. दुपारी अडीचला सुरू केली, ७१ टक्क्यांवर जाऊन बसली ती बसलीच. मुलगी म्हणाली, बंद करून परत लाव. मी हात लावू दिला नाही. रात्री नऊला सरकली. शेवटी नऊ फाईली राहिल्या: सात फोटो आणि सासऱ्यांची दोन रेकॉर्डिंगं. नेमकी!

पुढचं घुमट यांनी मेसेजवर एकेक ओळ सांगून करून घेतलं. तीन संध्याकाळी लागल्या. सात फोटोंपैकी पाच आले. एक रेकॉर्डिंग पूर्ण आलं. दुसऱ्यात चार-पाच सेकंदांचं भोक राहिलं, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर. नवऱ्याला ऐकवलं, तो भोकाशी आला आणि हसायला लागला. म्हणे, इथं काही गेलेलं नाही, इथं पप्पा दरवर्षी वाक्य विसरायचे आणि प्रॉम्प्टरची वाट बघत उभे राहायचे.

जुनी डिस्क फॉरमॅट करून मुलीनं मागून घेतलीय, गेमसाठी. गेम गेले तर परत उतरवता येतात, असं तिचं म्हणणं. दिलीय. दर पंधरा दिवसांनी सी५ मला दाखवायचा या अटीवर.

कुळागर, फोंडा

ताई, रेकॉर्डिंगमध्ये पेटी कोण वाजवतंय ते यजमानांना विचाराल का? आणि साल कुठलं? आमच्या स्मरणिकांत जत्रेतल्या नाटकांच्या याद्या आहेत, साथीदारांच्या नावांसकट. २००४ चा अंक उघडून बसलोय.